पंखवाल्या घोड्याची समाधी

एका राजाला कथा सांगणाऱ्या सगुणाबाईंची पंखवाल्या घोड्याची कथा फार प्रिय होती. सात वर्षं त्या ती दरबारात सांगत होत्या. शेवटी कथेत घोडा मेला, तेव्हा राजाने बागेत त्याची समाधी बांधली.

वर्षभराने त्याने फर्मावलं, "कथा पुढे चालू करा. घोडा तुमच्या कल्पनेतलाच, उठवा त्याला."

"उठवते, महाराज. आधी ती समाधी तुमच्या हाताने फोडा. आत तो निजलेला असताना मी बाहेर कुणाला उडवू?"

राजा पहार घेऊन समाधीपाशी गेला. सकाळी त्यानेच वाहिलेली फुलं अजून ताजी होती. पहार खाली ठेवत तो म्हणाला, "तुम्हाला नाही वाटत, तो परत यावा?"

"रोज वाटतं," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हणून तर पहार मी हातात घेतली नाही. घेतली असती, तर मला ती खाली ठेवता आली नसती."