ज्ञानूनं कीबोर्ड धुतला

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव ज्ञानदेव. आईबापांनी नाव ठेवायची जरा घाईच केली होती. गाव त्याला ज्ञानू म्हणायचं आणि काही काम सांगायची वेळ आली की दुसऱ्याच कुणाला तरी सांगायचं. त्याच्या बायकोला मात्र ही सोय नव्हती.

बायको मालन. हुशार, लग्नाआधीच टायपिंग शिकलेली. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती गावाचे अर्ज टाइप करून द्यायची. तालुक्याच्या एका संस्थेला घरबसल्या टाइप करणारी बाई हवी होती. कायमचं काम होतं. दुपारी संस्थेचे टोणपे साहेब घरी येऊन मालनची परीक्षा घेणार होते. या दिवसाची ती दोन वर्षं वाट बघत होती.

सकाळी बघते तर कीबोर्डात चिवड्याचे पोहे, पेन्सिलीचा भुसा आणि एक मेलेली मुंगी.

"एवढा साफ करा," ती ज्ञानूला म्हणाली. "भांड्यावाणी लख्ख झाला पायजे."

ज्ञानूनं कीबोर्ड मोरीत नेला. राख घेतली, चिंच घेतली आणि घसाघसा घासला. दोन पाण्यांतून काढला. मग चिमटे लावून दोरीवर वाळत घातला.

मालननं कपाळावर हात मारला. "अवो, इजेच्या वस्तूला पाणी लावायचं नसतंय. आदी वायर काढायची. मग उलटं धरायचं, पाठीवर थापट्या मारायच्या. आत अडकल्यालं आपसूक भाईर पडतंय."

"बरं. ध्यानात ठेवतो," ज्ञानू म्हणाला.

आणि त्यानं ठेवलं. ज्ञानू कधी काही विसरत नसे. हीच तर खरी अडचण होती.

मालन दुसरा कीबोर्ड मागायला झेरॉक्सवाल्या आप्पांकडे निघाली. जाताना म्हणाली, "तांदूळ निवडून ठेवल्यात. तेवढा कुकर लावा."

कुकर विजेचा होता. ज्ञानूनं त्यात तांदूळ टाकले, बटण दाबलं आणि पाण्याचा तांब्या लांब नेऊन ठेवला. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. बघतो तर तांदूळ तळाला धरलेले. म्हणजे अडकलेलेच. त्यानं वायर काढली, फडक्यानं धरून कुकर उलटा केला आणि पाठीवर थापट्या मारल्या. आतलं आपसूक बाहेर पडलं. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पडलं.

मालन आली ती तांदळावरूनच घसरत आली.

"अवो, भाताला पाणी लागतंय!"

"पर कुकर इजेचा हाय."

  मालननं झाडू घेतला.

आप्पांचा कीबोर्ड तपकिरीच्या बोटांनी काळा पडला होता. या वेळी मालन समोर उभी राहिली. "वायर काढल्याली हाय. पाणी न्हाई लावायचं. ह्यो कापूस, ही स्पिरिटची बाटली. बोळा भिजवा, पिळा आन् एकेक बटण पुसा."

ज्ञानू थबकला. "लई घासलं तर वरची अक्षरं जातील."

"जाऊ द्या. माझ्या बोटांस्नी पाठ हायत. अक्षरं गेली तरी चालतील, पर डाग ऱ्हाता कामा नये."

"बरं. ध्यानात ठेवतो."

ज्ञानूनं तासभर पुसलं. अक्षरं गेली आणि त्यांच्याबरोबर तपकीरही गेली. मालननं बटणं दाबून बघितली, सगळी चालत होती.

"हे ब्येस झालं," ती म्हणाली. "असंच करत जावा."

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ही पहिली शाबासकी. ज्ञानूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं कीबोर्डपासून लांब जाऊन पुसलं.

दुपारी टोणपे साहेब आले. त्यांना कमी ऐकू येत होतं. कानात यंत्र होतं आणि त्याची वायर खिशातल्या डबीपर्यंत गेली होती. मालननं चिवडा पुढे ठेवला. दुसऱ्याच घासाला साहेबांच्या घशात शेंगदाणा अडकला. ते लालबुंद झाले. मालन पाण्याला धावली.

"पाणी नगं," ज्ञानू म्हणाला. "त्यांस्नी वायर हाय."

त्यानं साहेबांच्या कानातली वायर उपटली, त्यांना कमरेला धरून खांद्यावर उलटं घेतलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. शेंगदाणा टुणकन बाहेर पडला. अडकलेलं ते आपसूकच पडायचं होतं.

मालन हात जोडून माफी मागत राहिली. साहेबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. वायर ज्ञानूच्या मुठीत होती. "जीव वाचवलात," साहेब धापा टाकत म्हणाले.

मग परीक्षा झाली. बटणांवर एक अक्षर नाही आणि मालनची बोटं सरासर पळताहेत. साहेब बघतच राहिले. त्यांनी तिथल्या तिथं संस्थेचा कागद काढला, बॉलपेननं काम दिल्याचं लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

"उद्या दहाच्या आत हा कागद तालुक्याला दाखवा," ते म्हणाले. "मी इथूनच महिनाभराच्या रजेवर निघालोय. कागद नसेल तर यादीतल्या पुढच्या बाईला काम जाईल."

मालनला रडू आणि हसू एकदमच फुटलं. साहेबांना एसटीपर्यंत पोचवायला ती निघाली. जाताना कागद ज्ञानूच्या हातात देऊन म्हणाली, "जिवापाड जपा. ह्याला पाणी लागू देऊ नगा."

"बरं. ध्यानात ठेवतो."

ज्ञानू कागद घेऊन उजेडात बसला. बायकोचा एवढा मोलाचा कागद, आणि खाली जांभळा गोल डाग. डागावर कुणीतरी वेड्यावाकड्या रेघोट्या मारलेल्या. साहेब शिकलेले, पण हाताला वळण नव्हतं. ज्ञानूला वाईट वाटलं.

मालन परत आली तेव्हा तो दारातच उभा होता. कागद दोन्ही हातांनी धरलेला. पांढराशुभ्र.

"पाणी लावलं न्हाई," तो म्हणाला. "स्पिरिटनं पुसला. अक्षरं गेली, पर एक डाग ठिवला न्हाई. आता त्याच्यावर तुला पायजे ते टाइप कर."

मालननं तोंड उघडलं. शब्द फुटेना. 

ज्ञानूनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. हिच्याही घशात काहीतरी अडकलंय, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं बाह्या सरसावल्या आणि तो तिच्या कानामागे वायर शोधू लागला.