बारा ठिपक्यांची वाटी

“बारा कशाला केलेस?” कोंडाबाईने काशाची वाटी सदोबापुढे आपटली. “आणि उत्तर देताना माझ्याकडे बघ.”

“मावशी, गिऱ्हाईक उभं आहे. मागाहून ये.”

“मागाहून कशाला? गिऱ्हाइकालाही ऐकू दे.”

हा सदोबा एका बाजारगावातला कासार. छिन्नीने टिंब टिंब ठोकून भांड्यांवर नावे घालायचा. एकदा त्याच्या मनात आले, बायकांच्या हातांवर इतके सुरेख गोंदण असते, ते रोजच्या ताटवाटीवर का नसावे? तो घरोघर फिरला. कुणाची तुळस घेतली, कुणाचा विंचू, कुणाचा मोर. प्रत्येकीला विचारून घेतले आणि प्रत्येकीला तिच्या गोंदणाचे एक ताट दिले. बायका हौसेने त्यात जेवू लागल्या, लेकींच्या सासरी पाठवू लागल्या. इथवर सदोबाचे काही चुकले नाही. उगाच कुणाला नावे ठेवू नयेत.

पुढे एकदा कोंडाबाई हंड्यावर नाव घालून घ्यायला आली. हंडा हलू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला, तशी चोळीची बाही वर सरकली. दंडावर एक पाळणा गोंदलेला होता. पाळण्याभोवती नऊ ठिपके, आणि पुढे घेर अर्धवट सोडलेला. घरोघर फिरताना हे गोंदण हिने दाखवले नव्हते; विचारले तर ही नाही म्हणेल, हे सदोबाला तेव्हाच कळले. म्हणूनच त्याने विचारले नाही. नाव घालता घालता चोरून बघत राहिला आणि पाळणा डोक्यात साठवून घेतला.

वाटीच्या तळाशी तो उमटवताना त्याला ती मोकळी जागा खटकली. त्याने तीन ठिपके वाढवले, घेर पुरा केला. बारा ठिपके आणि बाराव्या दिवसाचे बारसे, असा मेळ बसला म्हणून स्वतःवरच खूश झाला. वाटी इतकी खपली की बारशाला दुसरी भेट कुणी नेईना.

आज दुकानात उभी असलेली बाईही भाचीच्या बारशासाठी तीच वाटी घ्यायला आली होती.

“नक्षी माझ्या मनातली आहे,” सदोबा म्हणाला. म्हणताना त्याचे कान तापले. लाज अशीच असते, आधी कानांना कळते.

“तुझ्या मनातली?”

“पाळणा काय एकट्या तुझ्याच घरी होता, मावशी?”

बोलून गेला आणि त्याचे त्यालाच बोचले. पण गिऱ्हाइकासमोर शब्द मागे घेता येईना.

कोंडाबाईने भर बाजारात बाही वर केली. चाळीस वर्षे झाकून ठेवलेली जागा उघडी केली. त्या बाईने हातातली वाटी तिच्या दंडाशेजारी धरली. पाळणा तोच, पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा त्याच. मग तिने बोटाने ठिपके मोजले, आणि वाटी हळूच खाली ठेवली.

सदोबाला मान वर करवेना.

“चुकलं माझं,” तो पुटपुटला. “पण नऊ ठिपक्यांनी घेर पुरा होत नव्हता, मावशी. फट राहत होती. बारा केले तेव्हा शोभा आली. तुलाही दोन वाट्या देतो की.”

कोंडाबाईने बाही खाली ओढली. आवाज न चढवता म्हणाली, “फट राहायचीच, सदोबा, माझी पोर नऊच दिवस जगली, बारावा दिवस बघितला असता तर तिला नाव तरी असतं.”

तात्पर्य मी सांगते: जे मागायचे धाडस होत नाही, ते चोरून घेऊ नये; दुसऱ्याच्या दुःखाची आपण शोभा करतो, आणि त्याची लाज जन्मभर आपल्याच हाताला चिकटून राहते.