रकान्यातला टक्का

"यादी फोडली ती आपल्यातल्याच कुणीतरी. बाहेरच्याचं हे काम नाही."

निनाद बेलसरे हे तिसऱ्यांदा म्हणाला. मुजावर सर चष्मा पुसत राहिले.

खाणकामगार संघटनेच्या कचेरीत दोघंच होते. दाराशी बाकावर दुर्गव्वा धोत्रे होती, पदर तोंडाशी धरून खोकत बसलेली. पण तिला कुणी मोजत नव्हतं.

यादी म्हणजे दगडाच्या धुळीनं फुफ्फुसं निकामी झालेल्या दोनशे चौदा कामगारांची नावं. निनादनं दोन वर्षं वस्त्यावस्त्यांत हिंडून, एक्स-रे गोळा करून ती संघटनेच्या सर्व्हरवर चढवली होती. खटला दाखल होईपर्यंत ती खाणमालकांच्या नजरेस पडू द्यायची नव्हती. आणि सोमवारी मुकादमानं सतरा जणांना फाटकावरूनच घरी पाठवलं. दुर्गव्वा त्यातलीच. मुकादमाच्या हातात छापील कागद होता. नावं त्याच क्रमानं. लिहिताना झालेल्या चुकासुद्धा त्याच.

चार वाजता अंगणात सभा होती. फितुराचं नाव तिथं जाहीर करतो, असं निनादनं सगळ्यांना कळवलं होतं. नाव मनात ठरलेलं होतं... नोंदी करणारी रेश्मा. तिचा भाऊ खाणीवर ट्रक चालवायचा. आणखी काय पुरावा हवा?

तरी पुरावा हवा होता. म्हणून सरांना बोलावलं होतं. तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं त्यांनी संगणक शिकवला. निनाद त्यांच्या वर्गात पहिला आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा.

"सर, कोण आत शिरलं ते तुम्ही शोधून द्या. बाकी मी बघतो."

"हा सर्व्हर कुणाचं ऐकतो?"

"म्हणजे?"

"शिकवलं होतं मी."

निनाद हसला. "आधी फक्त स्वतःच्याच यंत्राचं ऐकत होता. मार्चमध्ये मी बाहेरून जोडणी दिली. वकीलसाहेबांना शहरातून यादी बघायची होती."

"पाहुणा कुठून येणार, त्या रकान्यात काय लिहिलंस?"

"टक्का."

"किती?"

"सर, तिथं आकडा नसतो. नुसतं टक्क्याचं चिन्ह. त्याचा अर्थ, पाहुणा कुठूनही आला तरी चालेल."

"वकिलांचा पत्ता का नाही लिहिलास?"

"त्यांच्या इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो. रोज कोण दुरुस्त करत बसणार? तात्पुरतं केलं होतं ते."

"मार्चमध्ये."

"हो."

"दिवाळी होऊन गेली, बाळा."

दुर्गव्वाला खोकल्याची उबळ आली. दोघं थांबले.

"दुसरी वाट होती," सर म्हणाले.

"होती. त्यांना आधी ओळख पटवून आपल्या यंत्रावर आणायचं, मग आतल्या आत जोडायचं. पण त्यात वेळ गेला असता."

"किती?"

"दोनेक तास..."

निनादचा आवाज चढला. "पण पासवर्ड आहे ना, सर! तो तिघांनाच माहीत. मला, वकीलसाहेबांना आणि रेश्माला. मी तेच तर म्हणतोय!"

सर उठले. आपला लॅपटॉप काखेत मारला, अंगण ओलांडलं आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. निनाद मागोमाग गेला.

"दोन कटिंग ना, सर?" चहावाल्यानं विचारलं.

सरांनी होकारार्थी मान हलवली. मोबाइलवरून इंटरनेट जोडलं. पासवर्ड विचारला नाही. मान वर करून समोर कचेरीच्या भिंतीकडे तेवढं पाहिलं. तिथं निनादच्याच हातची, हातभर उंचीची तांबडी अक्षरं होती: श्वास आमच्या हक्काचा.

ते त्यांनी इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता टाइप केलं.

यादी उघडली.

सरांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

निनादनं पडद्यावरची नावं पाहिली. मोर्च्यात शेकडो तोंडांनी ओरडलेली घोषणा... किल्ली म्हणून तीच सुचली होती. तेव्हा किती सुंदर वाटलं होतं!

"कुणी उघडलं असेल, सर?"

"हा धडा मी तुला शिकवला. खाणमालकाच्या मुलालाही शिकवला. त्याच वर्गात."

"पण मी हे त्यांच्यासाठी केलं होतं, सर! या लोकांसाठी."

"त्यात हेतूचा रकाना असतो का?"

चहा आला. निनादनं घेतला नाही.

अंगणात माणसं जमू लागली होती. रेश्मा सतरंज्या अंथरत होती, कोपरे ओढून सुरकुत्या काढत होती. जिचं नाव आज घेतलं जाणार, तीच त्या सभेची बैठक मांडत होती.

"चार वाजले," सर म्हणाले. "नाव सांगणार होतास ना? जा."

निनाद पायरीवर उभा राहिला. भाषणं त्याला कधी कठीण गेली नव्हती. आज पहिलं वाक्य त्यानं मनात दोनदा जुळवलं.

"यादी माझ्याकडून गेली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा दोष नाही. कुणीही यावं असं दार मीच उघडं टाकलं. कंटाळा केला. तुमची कामं माझ्यामुळं गेली."

रेश्मा सतरंजीचा कोपरा हातात धरून तशीच उभी राहिली. सर रस्त्यापलीकडेच बसून होते.

"आता ते बंद करतो. नवी यादी करू," तो घाईघाईनं म्हणाला. "या वेळी नीट..."

गर्दीतून दुर्गव्वा पुढं आली. पायरीशी थांबून तिनं दम खाल्ला.

"माज्या जागी मुकादमानं सुनंला घेतलंय, दादा," ती म्हणाली. "तिचं नाव तेवढं कुटं लिहू नगंस."