झोपेचा हंडा

एका राज्यात झोप म्हणून उरली नव्हती. धूमाक्ष नावाच्या मांत्रिकाने साऱ्या प्रजेची झोप तांब्याच्या हंड्यात कोंडली होती. माणसे चिडकी झाली. राजा तर संशयाने असा पछाडला की सख्ख्या भावावरच सैन्य घेऊन निघाला. राजकन्या वज्रलेखेचा काकांवर फार जीव. "ही लढाई मी होऊ देणार नाही," असे म्हणून ती हंड्याच्या शोधात निघाली.

वाटेत तळ्याकाठी एका पायावर उभा असलेला करकोचा बोलला, "तलवारी घेऊन गेलेले सारे धापा टाकत परतले. धूमाक्षाची विद्या धापेवरच चालते. त्याचा हंडा स्वस्थ माणसापुढेच उघडतो. मन हाती लागत नाही, राजकन्ये. शरीर स्थिर कर, श्वास लांबव, मन मागून येईल." मग त्याने तिला उभे राहणे, वाकणे आणि निजणे शिकवले. हे तर शेंबड्या पोरालाही येते, असे तिला वाटले. चिखलात आपटली तेव्हा कळले.

धूमाक्षाच्या गुहेत पहिल्या दालनाची जमीन हलू लागली. वज्रलेखा तळपाय मांडीला टेकवून एका पायावर उभी राहिली. शेवटी जमीनच दमली. दुसऱ्या दालनात भिंतींतून साप निघाले. तिने सावकाश श्वास सोडत कमरेतून वाकून पायांचे अंगठे धरले.

धूमाक्ष हसला. "झुकलीस ना?"

"माझ्या पायांपाशी वाकले आहे, तुझ्या नव्हे."

साप आले तसे गेले.

तिसऱ्या दालनात हंडा होता. त्याच्यापुढे ती प्रेतासारखी उताणी निजली. तोच मांत्रिकाने हुबेहूब काकांचा आवाज काढला. रणात पडलो आहे, पोरी, धाव, असा तो आवाज विव्हळू लागला. तिचे काळीज फाटले. डोळ्यांतले पाणी ओघळून कानांत गेले.

"झाले का मन शांत?" धूमाक्षाने टोमणा मारला.

"नाही. पण मी हलणार नाही."

श्वास आत आला, हळूहळू बाहेर गेला. पुन्हा आला. हात जड झाले, पाय जड झाले, आणि मागाहून मनही खाली बसले. वज्रलेखेला झोप लागली. ती तिची स्वतःची झोप होती, हंड्यातली नव्हे. त्याबरोबर हंडा तडकला आणि धूमाक्षाचा धूर झाला.

तिकडे रणांगणावर दोन्ही सैन्ये घोड्यांसकट आडवी झाली. राजा जागा झाला तेव्हा भाऊ शेजारीच घोरत होता, आणि भांडण कशावरून होते ते राजाला काही केल्या आठवेना. परतलेल्या लेकीला त्याने विचारले. तिला सारे ठाऊक होते. तिने सांगितले नाही.