ऋजुव्रताची रेघ

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, लागली पैज. नाही मानायचं? मग उठा, मला पाय पसरायला जागा होईल. बसलात ना? आता मधेमधे बोलायचं नाही.

तर पूर्वी कृतयुगात ब्रह्मदेवानं सृष्टी केली, ती नुसती केली. आवरली नाही. बाप्याच तो, त्यात तोंडं चार. जिकडंतिकडं पसारा. डोंगरावर मासे, मेथीत साप, हत्तीच्या पाठीवर कासवं. आणि या सगळ्याला शब्द एकच, ढीग. लाकडांचा ढीग, केळ्यांचा ढीग, मेंढरांचा ढीग. कुणी म्हणालं, "जा, एक ढीग घेऊन ये," की जाणारा दारातच डोकं खाजवत उभा.

एकदा देवांचा राजा इंद्र ऐरावतावरून उतरला तो थेट भोपळ्यांत पडला. कंबर चोळत ब्रह्मदेवापुढं गेला आणि म्हणाला, "हे पितामह, हे कमलासना, आपली सृष्टी अपरंपार आहे, अगाध आहे, पण पाय टेकायला जागा नाही!"

ब्रह्मदेव ओशाळला. त्यानं ऋजुव्रत ऋषीला बोलावणं धाडलं.

हा ऋजुव्रत म्हणजे तपाचा डोंगर. तुंबवती नदीच्या काठी त्याचा आश्रम, काय वर्णावा! अशोकाची झाडं एका रांगेत, बकुळीची दुसऱ्या. हरणं बसायची ती शिंगांच्या उंचीप्रमाणं. मोरानं पिसारा फुलवायचा तो विचारून. आणि सोवळं इतकं कडक की अंगाला वारा लागला तरी हा पुन्हा नदीत. बुडून बुडून बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या मेल्याच्या.

ब्रह्मदेव म्हणाला, "हे तपोनिधे, ही सृष्टी लावून दे. नीट लागली तर सप्तर्षींच्या शेजारी तुला आसन देईन."

ऋजुव्रत लागला कामाला. पण हात लावेल तर शप्पथ! सोवळ्यात ना तो. उंच खडकावर दर्भाचं आसन घातलं, वर बसला, दंडानं नुसता दाखवायचा आणि मंत्र म्हणायचा. मंत्रासरशी वस्तू आपली जायची सरकत. लांब ते लांबात, म्हणजे साप, वेल, शेवगा आणि माकडांच्या शेपट्या, माकडांसकट. गोल ते गोलात, म्हणजे भोपळे, कलिंगडं आणि एक लठ्ठ गंधर्व. तो ओरडत राहिला, "अहो, मी गातो!" पण ऐकतंय कोण? लहान ते लहानात, म्हणजे मोहरी, मुंग्या, खडे, पाखरांची पिल्लं. वर्ग झाला की सभोवार कमंडलूच्या पाण्याची रेघ. ती रेघ कुणाला ओलांडता येत नसे. पुसायची तर ऋजुव्रतानंच, आपल्या हातानं.

असं करत सगळी पृथ्वी लागली. शेवटच्या दिवशी नदीकाठ तेवढा राहिला होता आणि सांजेला देव बघायला यायचे होते.

त्या सकाळी ऊर्णा नावाची बाई पाण्याला आली. लोकर कातणारी, साधी बाई. पदराखाली तान्हं पोर चुटूचुटू पीत होतं. ऋजुव्रताचा दंड फिरला. बाई गेली इकडं, पोर गेलं तिकडं.

"अहो ऋषिबाबा! माझं पोर!"

"हे ललने, शोक करू नकोस. तो बालक लहान या वर्गात गेला. तू मोठ्या या वर्गात आहेस."

"असेन मोठी! पण दूध माझ्यापाशी आहे ना!"

"दूध पांढऱ्या वर्गात जाईल."

"कसं जाईल? माझ्या अंगात आहे ते!"

 ऋजुव्रताच्या शास्त्रात याची सोय नव्हती. मग तो घसा खाकरून म्हणाला, "सांजेपर्यंत धीर धर. एक रेघ पुसली तर सगळी मांडणी मोडेल."

"आणि पोर मोडलं तर?"

त्यानं दंड पुढं फिरवला.

पोर रडत राहिलं. इकडं ऊर्णेची चोळी दुधानं भिजली. शेजारी एक गाय उभी होती, तिचं वासरूही पलीकडं, तीही हंबरत होती. दुपार कलली तसं पोराचं रडणं बारीक झालं. मग नुसतं कण्हणं. मग तेही थांबलं. ऋजुव्रताला वाटलं, झोपलं असेल. तरी दंड फिरवताना मान सारखी तिकडंच वळत होती.

सांजेला विमानं उतरली. देवांनी फुलं उधळली. "धन्य ऋजुव्रता! अहाहा, काय या रेषा! काय ही शिस्त!" इंद्र तर मुद्दाम इकडून तिकडं चालून आला, कशात न पडता. प्रत्येक कौतुकासरशी ऋजुव्रताची मान खाली जात होती. देव म्हणाले, बघा, केवढा विनय!

विनय कसला! ऊर्णा रेघेजवळ बसून होती. रडत नव्हती, बोलत नव्हती. त्याच्याकडं बघतही नव्हती. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

ब्रह्मदेव म्हणाला, "ऊठ, पुण्यश्लोका, आसन तुझी वाट बघतं आहे."

ऋजुव्रत उठला. तोंड काळंठिक्कर. "पितामह, ती फुलं आवरा. अंगावर पडतात ती निखाऱ्यासारखी लागतात. मी सगळं लावलं, पण हात कशालाच लावला नाही. जे सारखं दिसलं ते एकत्र केलं. जे एकत्र होतं ते तोडलं. सकाळीच मला कळलं होतं. कळूनही मी या आसनासाठी गप्प बसलो."

असं म्हणून तो खडकावरून खाली उतरला, चिखलात गुडघे टेकले आणि तळहातानं रेघ पुसली.

एक रेघ गेली तशा सगळ्या गेल्या. साप सुटले, भोपळे गडगडले, गंधर्व गात पळाला. ऋजुव्रतानं कोपरापर्यंत हात घातले मोहरीत, मुंग्यांत. मुंग्या कडकडून चावल्या. तळाशी ते पोर सापडलं, गार, मान टाकलेलं. त्यानं उचललं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उचललं त्यानं. मान कशी सावरावी ते कळेना, म्हणून छातीशीच धरलं, त्या कडक सोवळ्याशी.

आणि पोर मुतलं.

देव हबकले. ऋजुव्रत मात्र ओक्साबोक्शी रडायला लागला. जिवंत होतं ना ते! त्यानं ते ऊर्णेच्या ओटीत ठेवलं. क्षणभरानं गटागटा आवाज आला. सगळ्या देवांनी पाठ फिरवली. ब्रह्मदेवाला तोंडं चार आणि हात चार, त्यानं एकेका हातानं एकेक तोंड झाकलं. त्याच्या सांगण्यावरूनच झालं होतं ना सगळं.

आता ऊर्णा बोलली. "ऋषिबाबा, तू लावशील ते लावलेलं राहणार नाही. कुणीही लावो, राहणार नाही." हा तिचा शाप.

मग झाकल्या तोंडानंच ब्रह्मदेव म्हणाला, "आजपासून तान्ह्या पोराला सोवळंओवळं नाही." म्हणून तर नैवेद्याला बसलेल्या सोवळ्यातल्या बाईच्या मांडीवर नागडं पोर चढलं तर कुणी ओरडत नाही.

ऋजुव्रतानं आसन नको म्हटलं. तो दारोदार गेला आणि मान खाली घालून विचारत राहिला, "माय, हे तुम्ही कसं धरता?" मेथी दोऱ्यानं बांधली, ती जुडी. लाकडं डोक्यावर घेतली, ती मोळी. मडकी एकावर एक चढली, ती उतरंड. भाकऱ्यांची चवड, केळ्यांची फणी, फुलांची ओंजळ, मिठाची चिमूट, खळ्यावर धान्याची रास. जसं हातानं धरलं तसा शब्द झाला. आणि बाळ-बाळंतीण आपण एका दमात म्हणतो, ते त्यानं ऊर्णेच्या दाराशी उभं राहून शिकून घेतलं. उंबऱ्याच्या आत जायची त्याला लाज वाटली.

शाप काही सुटला नाही. दिवाळीला घर लावा, भाऊबीजेला पुन्हा पसारा. पुढं कुणी देव त्याला म्हणाला, "उःशाप मागून घे." ऋजुव्रत म्हणाला, "राहू दे. पसारा दिसला की मला कळतं, घरातलं पोर हातपाय हलवतंय."

जा आता. माझं तोंड काय बघताय? आत कुणाचं तरी रडतंय कधीचं.