उजेडाला धरलेलं अंडं

"आता तरी बॅटरी माझ्या हातात द्याल ना, बाई?"

शार्दूल निकमने हे विचारलं तेव्हा कृषी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उतरणीला लागला होता. कुक्कुटपालनाच्या मंडपात त्याचं भाषण नुकतंच संपलं होतं आणि टाळ्याही बऱ्यापैकी पडल्या होत्या.

मालतीबाई कुरणे कोंबड्यांना पाणी ठेवत होत्या. ऐकलं की नाही, कळेना.

जनावरांच्या डॉक्टर म्हणून बाईंची सगळी नोकरी खेड्यापाड्यांत गेली. निवृत्तीनंतरही दरवर्षी हा मंडप त्याच मांडायच्या. पुढच्या वर्षी मात्र येणार नव्हत्या. गुडघे नको म्हणत होते.

बाईंच्या हातात एक जुनी बॅटरी असायची. अंडं मुठीत धरायचं, मागून उजेड पाडायचा आणि लोकांना आतलं दाखवायचं. आठवडाभर उबवलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक काळा ठिपका हलतो. उजेड कुठेही न अडता आरपार गेला, तर अंडं रिकामं. मग ते कितीही उबवा.

शार्दूल बाईंच्या हाताखालचा तरुण डॉक्टर. मंडपातलं बाकी सगळं तो करायचा, बॅटरी तेवढी बाई सोडत नव्हत्या. बॅटरी ज्याच्या हातात, पुढच्या वर्षी मंडप त्याचा, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शार्दूलला तर रात्री झोपेतही ठाऊक होतं.

"आधी पिल्लं कुणाला द्यायची ते सांग," बाई म्हणाल्या. "मग बघू."

ही बाईंनीच घातलेली रीत. मंडपात उबवलेली पिल्लं शेवटच्या दिवशी ऐकायला आलेल्यांपैकी एकाला टोपलीत घालून फुकट द्यायची. गेल्या वर्षी घर शार्दूलने निवडलं होतं. आठवडा व्हायच्या आत सगळी पिल्लं मेली. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नव्हता. शार्दूल मात्र रिकामी टोपली दिसली की नजर फिरवायचा.

या वर्षी चूक होणार नव्हती. त्याचा माणूस ठरलेला होता.

पहिल्या रांगेत संपतराव बसले होते. पांढरा फेटा, मांडीवर काठी. पहिल्या दिवसापासून त्यांनी एक भाषण चुकवलं नव्हतं. शार्दूल खाद्याबद्दल बोलला, त्यांनी मान डोलावली. लसीबद्दल बोलला, डोलावली. मध्ये पाणी प्यायला थांबला, तेव्हाही डोलावली. नंदीबैलाने गुरू करावा असा माणूस.

आणि मागच्या खांबाला टेकून बायनाक्का बसली होती.

बायनाक्का म्हणजे मंडपाला लागलेलं ग्रहण. पिल्लांना दिव्याची ऊब द्या म्हटलं की विचारायची, लाइट गेल्यावर काय करायचं? पत्र्याचं गोल कुंपण करा, पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात, असं सांगितलं की म्हणायची, मग तुमची पिल्लांची पेटी का चौकोनी? जाळी लावा म्हटलं, तर मुंगूस जाळीखालनं उकरून येतं त्याचं काय? पहिल्या दिवशी शार्दूलने हसून उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी न हसता दिली. त्यानंतर ती उठली की तो माइकचा आवाज वाढवायचा.

"संपतरावांना देऊ," तो म्हणाला. "त्यांना सगळं समजलंय. एक शंका म्हणून नाही."

"आणि बायनाक्का?"

"तिच्या डोक्यात काही शिरतच नाही, बाई. प्रत्येक वाक्याला आडवी येते."

"आडवी येते..." बाई म्हणाल्या.

त्यांनी ओले हात पदराला पुसले, गुडघ्यावर हात देत उठल्या आणि माइकपाशी गेल्या.

"एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "कोंबडा पाचव्या महिन्यात अंड्यावर येतो."

संपतरावांनी मान डोलावली.

"त्याच्या खाली मऊ गवत घाला. म्हणजे अंडी फुटत नाहीत."

संपतरावांनी जोरात डोलावली. शेजाऱ्याकडे वळून, बरोबर आहे, आमच्याकडेही तसंच करतात, असंही सांगितलं. शेजाऱ्याने त्यांचं बघून डोलावली. सगळी रांग डोलू लागली.

मागून खांब सोडून बायनाक्का उठली.

"वो बाई, कोंबडा?" ती म्हणाली. "आमचा तीन वर्सं झाली नुसता वरडतोय. म्या काय त्याच्या अंड्याची वाट बगत बसू व्हय?"

मंडपभर हशा पिकला. संपतराव हसले, आणि त्यालाही त्यांनी मान डोलावली.

शार्दूलचे कान लाल झाले. बाई माइक ठेवून टेबलामागे आल्या.

"समजलं?"

"समजलं, बाई."

"काय समजलं?"

"पिल्लं बायनाक्काला द्यायची. तुम्ही म्हणाल तसं."

"आजच?"

"हो, बाई."

"याच टोपलीत घालून?"

"हो, बाई."

बाईंच्या हाताखाली आल्यापासून तो त्यांना 'हो, बाई' याखेरीज काही म्हणालाच नव्हता. त्याला तो आपला नम्रपणा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्याला थोडा गर्वही होता.



बाईंनी बॅटरी उचलली, त्याच्या उजव्या कानाला लावली आणि पेटवली. बॅटरी तशीच धरून त्या दुखऱ्या गुडघ्यांवर हळूहळू दुसऱ्या बाजूला आल्या, चवड्यांवर उंच झाल्या, आणि डाव्या कानातून आत बघू लागल्या.

बायनाक्काही जवळ आली. दोघी बघू लागल्या.

"दिसतंय का काय?" बायनाक्काने दबक्या आवाजात विचारलं.

पुढच्या रांगेतले लोक माना उंच करून बघायला लागले. शार्दूल खांबासारखा उभा होता. आधी त्याला लाज वाटली. मग राग आला. आणि त्या रागाबरोबर वर्षभर दाबून ठेवलेलं वर आलं.

"नाही," तो म्हणाला.

बाई हलल्या नाहीत. बॅटरी कानाला तशीच होती.

"नाही, बाई. आज पिल्लं कुणालाच द्यायची नाहीत. आक्कालाही नाहीत आणि संपतरावांनाही नाहीत. टोपलीत घालून उघड्या जीपमधून नेली, तर वाऱ्याने वाटेतच गारठतील. गेल्या वर्षी तसंच झालं. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या आणि पिल्लं मेली. त्या घरी दिवा होता का, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. आधी आक्काच्या घरी जायचं. लाइट गेल्यावर ऊब कशी द्यायची ते बघायचं, मुंगूस कुठून येतं ते बघायचं. मग पिल्लं. शेवटच्या दिवशी पिल्लं देऊन मोकळं व्हायचं, ही तुमची रीतच चुकीची आहे, बाई."

संपतरावांनी, बहुधा जन्मात पहिल्यांदा, मान स्थिर ठेवली.

आपण काय बोलून बसलो ते शार्दूलच्या आता ध्यानात आलं. बॅटरी गेली, मंडप गेला, असं त्याला वाटलं. तरी शब्द मागे घ्यावेसे वाटेनात.

"मुंगूस उकिरड्याकडनं येतं," बायनाक्का म्हणाली. "उद्या या, डाक्तर. दावते."

बाईंनी बॅटरी कानापासून काढली. विझवली. लुगड्याच्या पदराने तिची काच पुसली आणि ती शार्दूलच्या हातात ठेवली.

"हललं," त्या म्हणाल्या.