चिकूचा श्वास

फुलंफळं, भांडीकुंडीसुद्धा माणसांशी बोलत असत, त्या काळी वत्सलाबाईंनी अंगणातला एक गुलाब कापून पाण्याच्या तांब्यात ठेवला. त्या रोज पाणी बदलत, देठ तिरका छाटत. तरी झाडापासून तुटलेला गुलाब रडतच होता. शेवटी शेजारच्या टोपलीतल्या पिकत्या चिकूने गोष्टी सांगून त्याला हसवलं. दोघांचा एकमेकांवर जीव जडला.

पण गुलाबाच्या पाकळ्या गळू लागल्या.

"तांब्या, मी इतकं जपते, तरी हा का रे सुकतो?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"पिकत्या फळाच्या श्वासाने फूल लवकर झडतं, बाई," तांब्या म्हणाला.

चिकू हादरला. "बाई, मला आत न्या. आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी त्याला उचललं तसा गुलाब कळवळला. "झडलो तर झडलो! चिकूदादा, मला एकट्याला टाकून जाऊ नकोस. काहीतरी बोल ना!"

चिकूने तोंड घट्ट मिटून घेतलं. बोलायचं तर त्याच्यावर श्वास सोडावा लागला असता.

त्या दुपारी चिकू स्वयंपाकघरात चिरला गेला. गुलाब पुढे कितीतरी दिवस टिकला. येणारेजाणारे त्याचं कौतुक करत. तो मात्र पुन्हा कोणाशीच बोलला नाही.